हात वर राहिला त्याची हकीकत

ती. वन्सं यांस,

वाकून नमस्कार (मनातल्या मनात, कंबर धरली आहे). तुमचा गुडघा आणि यजमानांचा स्वभाव, दोन्हींत काही उतार आहे का? मी मजेत. ‘ठोकपीट’ची अध्यक्षीण झाले. ठोकपीट म्हणजे मोबाइलवरची आमची जागा. मोडक्या वस्तूचा फोटो टाकायचा, बाकीच्यांनी ती कशी जोडायची ते सांगायचं. मालक कुणी नाही, सगळे सभासदच मालक. (इतके मालक असूनही भांडण कमी. आपल्या घरात तर आपण दोघीच होतो.) ती चालवायला कुठेतरी मोठा कॉम्प्युटर भाड्याने घेतलाय, त्याचं भाडं थकलं. महिनाअखेर भरलं नाही तर इतक्या वर्षांचे सल्ले पुसले जाणार.

तेवढ्यात नवे मिक्सर विकणारी एक कंपनी आली. भाडं आम्ही भरतो म्हणाली, फक्त प्रत्येक मोडक्या मिक्सरखाली ‘फेका, नवा घ्या’ एवढं लिहू द्या. म्हणजे आजाऱ्याला भेटायला यायचं आणि त्याच्या उशाशी खड्डा खणायचा. मोबाइलवरच सभा भरली. आमचे चिटणीस शिंपी आहेत (माणूस सरळ, पण बोलायला लागला की रीळ संपत नाही). नियम असा की एकाचाही विरोध असला तर ठराव बारगळला. माझा आवाज जात नव्हता म्हणून मी सुरुवातीलाच हाताचं चित्र दाबलं, ते वरच राहिलं. ‘कुणाचा विरोध?’ शिंपीबुवांनी विचारलं. माझा हात वर. कंपनी गेली. सभासदांतल्या एक डॉक्टरीणबाई कडाडल्या, “आजी, आता भाडं तुम्ही भरणार का?” मग ‘अध्यक्ष व्हायला कोण तयार?’ हात वरच. ‘याला विरोध?’ तरी वरच. पण स्वतःच्या निवडीला स्वतः विरोध करता येत नाही, असं शिंपीबुवांनी ठरवलं.

झाले तर झाले. पहिला हुकूम सोडला: ज्याला जेवढं जमेल तेवढं त्याने दर महिन्याला द्यावं, मत मात्र सगळ्यांना एकच. जास्त देणाऱ्याला काय मिळणार, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. धन्यवाद, म्हटलं. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण सगळ्यांत आधी पैसे त्यांचेच आले. संध्याकाळपर्यंत निम्मं भाडं जमलं. दिवसभर मी नुसती हसतेय.

तुमची,
वहिनी

ता.क. उरलेल्या निम्म्यासाठी हे पत्र. तुमचा मिक्सर कुणी झाकणावर बसल्याशिवाय फिरत नाही, त्याचा फोटो टाका आणि सभासद व्हा. मत एकच मिळेल. आपल्या घरात तुमची दोन असायची, सवय व्हायला वेळ लागेल.

आणखी एक. हात खाली कसा करायचा ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं. कंपनीच्या वेळी मुद्दामच वर ठेवला. अध्यक्षपदाच्या वेळी मात्र खाली करायला गेले, तर चष्मा सापडेना.