तुझ्या आईला न सांगितलेले चार दिवस

तू माझ्या कानामागे भुजलीचे पिवळे कोंब खोचलेस, त्या घडीला माझं सगळं बदललं. राखीचा दुसरा दिवस होता. घरातल्या अंधारात उगवलेला गहू तुम्ही पोरींनी डोक्यावरून बोडीवर, गावच्या तळ्यावर, आणला होता, त्याची माती पाण्यात धुतली होती आणि एकमेकींच्या कानामागे कोंब खोचून भुजली होत होतात. एकदा भुजली झालं की जन्माचं नातं, आणि मग एकमेकांचं नाव तोंडाने घ्यायचं नाही. म्हणून इथेही घेत नाही. हे पोरी पोरींशीच करतात. तू मात्र ओल्या हातांनी सरळ माझ्याकडे आलीस. एक म्हातारी ओरडली, "अवो, पोट्ट्याले कायले लावून रायली?" तू म्हणालीस, "लावू दे वो मामी. याचं डोकं सदा चुलीवर तापलेलं, याले दुसरं कोन भुजली करंल?" सगळ्या जणी हसल्या. मला वाटलं, संपलं. हिने चारचौघांत मला भाऊ करून टाकलं. मी कोंब ओढून काढले, पाण्यात फेकले आणि मागे न पाहता निघालो. दुसऱ्या दिवशीच्या पॅसेंजरने आमगाव सोडलं, ते थेट नागपूरला, कॉलेजात.

फेकताना तुझ्या तोंडाकडे पाहायला हवं होतं. तुझं लग्न फाल्गुनात तिरोड्याला ठरलंय हे मला ठाऊक होतं, म्हणूनच तर सुट्टीभर मी तुमच्या पडवीत येऊन बसायचो. तुम्ही सातआठ बाया बिड्या वळत असायचात. मांडीवर सूप, पानाला मापाच्या पत्र्याचा तुकडा लावून कैची चालायची आणि त्याहून वेगात तुझी जीभ. एका दुपारी मी तुला चिठ्ठी दिली. तीन रात्री जागून लिहिलेली, चंद्र-चकोर सगळं घातलेलं. तू ती उलटीसुलटी करून माझ्याच हातात ठेवलीस. "मले कोठी येते वाचता? वाच ना गा, साऱ्याच आयकतीन." मी चिठ्ठीची घडी घातली. म्हटलं, "रेल्वेच्या वेळा आहेत यात." तू कैची न थांबवता म्हणालीस, "बाप्पा! एवढ्या वेळा? गाडी का विलायतेले जाते?" पडवीभर हशा. तू काही न विचारता सगळं ओळखलं होतंस, आणि माझी लाज राखायला हसवलंस. हे आज कळतं. तेव्हा मी दोन दिवस जेवलो नाही.

आता ते लिहितो जे तुझ्या आईला कधी सांगितलं नाही. कार्तिकात कॉलेजात एका प्रोफेसरांनी माझ्या उच्चारांवरून वर्गात टिंगल केली आणि मी पुस्तक त्यांच्या मेजावर आपटून बाहेर पडलो. माफी माग म्हणाले, मागितली नाही. नाव कटलं. बापाला तोंड कसं दाखवायचं, म्हणून आमगावला न येता गोंदियात एका दोस्ताच्या खोलीवर पडून राहिलो. तिथे धानाच्या गिरणीवर आपल्या गावचा एक गाडीवान भेटला. म्हणाला, "तू इथी? अन् तुही भुजली तिकडं मुदतीच्या तापानं पडली हाये." मी त्याला शपथ घातली, मी इथे आहे हे कोणाला सांगू नको. आणि म्हणालो, "मी काय वैद्य आहे? तिला तिरोड्याचा नवरा आहे ना बघायला." असंच म्हणालो. गोंदियाहून आमगाव ते किती! अर्धी शिदोरी सुटायच्या आत गाडी पोहोचते. चार दिवस मी त्या खोलीत फुगून बसलो. पाचव्या दिवशी आलो तेव्हा तुला स्मशानात नेऊन झालं होतं.

तुझी आई माझ्या गळ्यात पडली. "कालेज सोडून धावत आलास रे बापू," म्हणाली. मी तिला तसंच समजू दिलं. दहाव्याला तिने सांगितलं की तापात तू तिला तार करू दिली नाहीस. "नागपूरले अभ्यास करून रायला असंल तो. परीक्षा बुडंल त्याची. त्याले कळवू नको वो." आणि भुजली का केलंस तेही सांगितलं. तू तिला म्हणाली होतीस, "आता सासरी तो आला, त कोनी काऊन आला म्हननार नाही." म्हणजे तू दार बंद करत नव्हतीस, उघडून ठेवत होतीस. आणि मी ते बोडीत फेकलं.

मधे जर्मनशी मोठी लढाई सुरू झाली आणि संपलीही. तुझ्या आईने मला लेक मानलं. मीही तिला माय म्हणतो. सणाला तिच्याकडे ताट, आजारपणात तिचा काढा. गावात तिने सांगून ठेवलंय, माह्या पोरीपायी यानं शिक्षण सोडलं. लोक मला मान देतात. तुझी धाकटी, जिला तेव्हा कैची धरता येत नव्हती, तिचं परवा लग्न आहे. काल मायने बोलावून सांगितलं, "हिले भाऊ नाही. होमाच्या लाह्या तूच घालशील. मोठीसाठी येवढं केलंस, तुहाच हक हाये." मी हो म्हणून आलो. 

त्या जागेवर असा उभा नाही राहू शकत मी. माय आज घरी एकटी आहे, वऱ्हाडाचे तांदूळ निवडत बसली असेल. तिला गोंदियाचे ते चार दिवस सांगायचे. मग तिने लाह्या दुसऱ्या कोणाच्या ओंजळीत दिल्या, तर द्याव्या. तिने हाकललं तर हाकलावं. तू म्हणशील, आता कायले? मेलेल्या माणसाचं भलं होत नाही यानं. खरं आहे. पण ती जिवंत आहे आणि तिला मी फसवतोय.

आणखी एक, ते फक्त तुलाच. ती रडेल याची मला तेवढी भीती नाही. सणाचं ते ताट जाईल, मला माय म्हणायला कोणी उरणार नाही, याचीच जास्त भीती वाटते. म्हणूनच इतकी वर्षं गप्प बसलो. तिला दुःख होईल, हे नाव तेवढं पुढे केलं.

कागद इथेच मेजावर ठेवतो. उठतो. चपला घालतो, दार ओढून घेतो आणि मायकडे निघतो.