गोधडीचा मधला तुकडा

प्रिय आक्का,

तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि या घरात आजही माझ्याशिवाय कुणाला येत नाही, म्हणून बिनघोर लिहिते आहे. मला नववा लागलाय. कालपासून कंबर धरली आहे. पुढं लिहायला मी असेन की नाही कोण जाणे, आणि तुमच्याशी भांडायचं राहून गेलंय.

हो, भांडायचंच. धाकट्या जावेला एवढा हक्क असू दे.

ते ग्रहण आठवतं ना? तानी तुमच्या पोटात होती. वेध लागल्यापासून सासूबाईंनी तुम्हाला माजघरात बसवलं. पोटुशीनं चिरायचं नाही, कापायचं नाही, नाहीतर मुलाला व्यंग येतं. सोबतीला मी. कात्री मात्र तिथंच कोनाड्यात राहिली.

तुम्हाला रिकामं बसवतंय कुठलं? बाळाच्या गोधडीसाठी आधीच कापून ठेवलेल्या तुकड्यांचं गाठोडं तुम्ही सोडलंत आणि दाराच्या फटीतून येईल तेवढ्या उजेडात ते भुईवर मांडायला घेतलेत. तुमच्या हिरव्या लुगड्याशेजारी धोतराचा पांढरा, त्याच्याशेजारी माझ्या फाटक्या पोलक्याचा तांबडा. डोक्याकडं मऊ, पायाकडं जाड. सारखे रंग शेजारी आले की एक उचलून दुसरीकडं ठेवायचा. सगळे मांडून झाले तरी मधोमध एका तुकड्याची जागा रिकामीच राहिली.

"एक कमी पडतोय," मी म्हणाले.

"पडू दे. गिरान सुटल्यावर कापीन," तुम्ही म्हणालात.

बाहेर 'दे दान, सुटे गिरान' सुरू झालं आणि सासूबाईंनी दार उघडलं. त्यांना दिसल्या भुईभर चिंध्या आणि कोनाड्यातली कात्री. त्यांनी कपाळावर हात मारला. त्यानंतर तो तुकडा कापायचा धीर तुम्हाला झालाच नाही.

तानी जन्मली ती वरचा ओठ दुभंगलेला घेऊन. तिला अंगावर ओढता येईना. सासूबाई कापसाच्या बोळ्यानं तिच्या तोंडात दूध पिळत बसायच्या आणि तुम्हाला बोलत राहायच्या. मी सांगितलं, आक्कांनी नुसतं मांडलं, कापलं नाही. "तू गप. भोरात शिकलीस म्हून तुला लई कळतं व्हय?" त्या वाईट नाहीत, आक्का. तानी जगली ती त्यांच्यामुळं.

पण तुम्ही? तुम्हाला तर ठाऊक होतं! बाळंतज्वरात माझा हात धरून काय म्हणालात, आठवतं? "सरू, म्याच कापला गं तिचा ओट. मला याद न्हाई, पर कापलाच आसंल." मी तिथं बसलेली होते. माझ्यावर नाही तर नाही, स्वतःच्या हातांवरही तुमचा विश्वास उरू नये? बारशाच्या आधीच गेलात, आणि ते खरं मानून गेलात. याचा मला अजून राग येतो.

गाठोडं नदीत सोडायला सासूबाईंनी माझ्याकडं दिलं. आत तुकडे होते आणि उरलेलं हिरवं लुगडं. मी ते भाताच्या कणगीमागं ठेवलं.

मागल्या अवसेला पुन्हा ग्रहण लागलं. या खेपेला माजघरात पोटुशी मी, आणि सोबतीला तुमची तानी. तिचं बोलणं बाहेरच्यांना नीट कळत नाही, मला कळतं. माझा हात घट्ट धरून ती म्हणाली, "काकी, हलू नगंस. माज्या आईनं मला कापलं, तसं तू बाळाला कापशील."

नुसतं सांगून पोरीला कसं पटावं? तुम्हालाच पटलं नव्हतं. मी उठले, गाठोडं काढलं आणि तुम्ही मांडले होते तसेच तुकडे मांडले. मधली जागा रिकामी राहिली.

"बघ," मी म्हणाले, "आईनं त्या दिवशी कात्री धरली असती, तर ही जागा रिकामी राहिली असती का?"

तानीनं त्या जागेवर हात ठेवून बघितला. मग म्हणाली, "मग ह्यो कोन कापनार?"

मी कात्री घेतली. बाहेर ग्रहण लागलेलं, पोटात पोर हलतंय, आणि मी तुमच्या लुगड्याला कात्री लावली. तुकडा वाकडा आला. तानीनं तो उचलून मधोमध ठेवला.

गोधडी शिवून झाली आहे. तानीला ती पोटापुरतीच पुरते, पाय बाहेर राहतात. मी कापल्याचं तिनं कुणाला सांगितलं नाही, पण रोज माझ्या पोटाकडं बघते. मीही बघते. मला भीती वाटते, आक्का. शाळेत शिकलेलं सगळं एकटी असले की पुरत नाही.

दोन-चार दिवसांत काय ते कळेल. ओठ धड असेल तर सासूबाईंना सगळं सांगेन. नसेल तरीही सांगेन. मूल कसंही येवो, त्याला याच गोधडीत तानीशेजारी निजवीन. आणि माझ्या हातानं झालं असं म्हणणार नाही. तापातसुद्धा नाही. मी कापलं ते फक्त कापड होतं, आक्का, आणि तुम्ही तर तेही कापलं नव्हतंत.

तुमची धाकटी जाऊ,
सरू