आबिड्सपर्यंतचं तिकीट

४ नोव्हें.
आजपण मलकपेटलाच उतरले. तिकीट आबिड्सचं होतं, आत्याच्या घरापर्यंतचं. हात गार, छातीत धडधड (किती वेळा लिहायचं, यापुढे नुसतं ध.), वाटलं आता इथंच पडणार. उतरून कट्ट्यावर टेकले, दोन मिनिटांत ठणठणीत. समोरून एकजण स्कूटरवर कपाटाचा आरसा घेऊन चाललेला, आरशात अख्खा रस्ता उलटा पळत होता. तो बघत बसले. मग आत्याला फोन, बस बंद पडली म्हणून.
"तुझ्याच बसेस फार बंद पडतात गं."

७ नोव्हें.
ईसीजी परत चांगला आला. डॉक्टर म्हणे हृदय एकदम ठीक आहे. मग त्यालाच कळवा ना.
आधी मेट्रो सोडली, दारं बंद होतात म्हणून. मग चादरघाटचा पूल, तिथं बस अडकली तर उतरून जायचं कुठं, खाली मुसी नदी. आता मलकपेट. पुढच्या महिन्यात दिलसुखनगरचा आमचा स्टॉप?
आणि हीच मी कॉलेज अर्धवट टाकून ट्रकात बसून हंपीला गेलेली. बाबा भटकभवानी म्हणायचे. ट्रकवाल्याने कैऱ्या दिल्या होत्या, मीठ मात्र... जाऊ दे.

१२ नोव्हें.
आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, डावा डोळा. सोबत मी, हे महिन्यापासून ठरलेलं. तिला दुसरं आहे कोण.
स्टॉपवर उभी राहिले. तीन बसेस सोडल्या. शेवटी तिच्या शेजारच्या पद्माअक्का गेल्या बरोबर.
संध्याकाळी फोन केला. आत्या एवढंच म्हणाली, "जेवलीस का?" ओरडली असती तर बरं झालं असतं.

१५ नोव्हें.
दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी कागदावर गोल काढला. ध. येते, मी घाबरते, घाबरले की ध. वाढते, मी बसमधून उतरते, बरं वाटतं. मी म्हटलं, बरं वाटतं हे चांगलंच ना? म्हणाल्या, गोम तिथंच आहे. उतरले म्हणून वाचले असं मनाला पटतं, मग पुढच्या वेळी ते आधीच ओरडायला लागतं.
उतरायचं नाही म्हणे. ध. चढते तशी आपोआप खाली येते, ती उतरेपर्यंत बसायचं. आपण तिच्या आधी उतरायचं नाही.
बोलायला सोपं. त्यांच्या टेबलावरच्या रोपट्याला कुणी पाणी घालत नाही वाटतं.

१८ नोव्हें.
आत्याला फोनवर खरं सांगितलं. बस कधीच बंद पडली नव्हती. ती म्हणाली, "घाबर की. पण इथं येऊन घाबर. अक्काला घाई असते, थेंब सगळे गालावर पडतात."
दिवसातून चार वेळा थेंब. महिनाभर.

१९ नोव्हें.
मलकपेटला उतरले नाही. घड्याळ बघत बसले. ध. नऊ मिनिटं. मग कमी. खरंच कमी झाली. पण पुलाच्या अलीकडे उतरलेच. चालत घरी आले, वाटेत पेरू घेतले. हे हरणं का जिंकणं, बाईंना विचारायचं.

२१ नोव्हें.
गेलेच नाही. कारण काही नाही. काल गेले असते तर आज गेले असते, असलं काहीतरी.

२२ नोव्हें.
बायकांना झीरो तिकीट, फुकट, त्यामुळे मधेच उतरताना काही वाटत नाही. कंडक्टर बाई मला ओळखायला लागलीय. आबिड्स म्हटलं तर मशीनवरचं बोट थांबवून बघायला लागली.
"पक्का आबिड्स? हर बार बीच में उतर जाते तुम."
"हौ. पक्का."
तिकीट वहीत ठेवलंय. शेजारची बाई गवारीच्या शेंगा मोडतेय, मांडीवर पिशवी. दोन माझ्या चपलेवर पडल्या.

पुलावर आलो. पुढे ट्रॅफिक, बस उभी. ध. सुरू. अक्षर वाकडं येतंय. खाली मुसी. दार उघडंच आहे, कंडक्टर बाई माझ्याकडे बघून दाराकडे बघतेय.
११.२०. आत्याचे थेंब बाराला.
सहा मिनिटं झाली.
शेंगा मोडायला मागितल्या. दिल्या तिने मूठभर. वाकड्यातिकड्या मोडतेय.
सात.