आडवी पडलेली सुई

बुधवार, दिवेलागण

आण्णांनी दादाला शब्द दिला व्हता, "फोर बाय फोर जीपच्या शाफ्टाचा क्रॉस एकट्यानं बसवलास, तर जीप घिऊन वेल्ह्याची फेरी तुजी."

भोरवरनं क्रॉस, शाफ्ट जोडणारा अधिकच्या खुणेसारखा लोखंडी सांधा, एकच आणलेला. दादानं त्याच्या चार टोकांच्या टोप्या आईच्या सुपात मांडल्या, आतल्या सुया मातीत हरवाय नकोत म्हणून. भाताच्या दाण्याएवढ्या सुया. ग्रीस लावून टोपीच्या आत गोल उभ्या चिकटवायच्या. दादानं ग्रीस कमी लावलं. टोपी घालताना एक सुई आडवी पडली. म्या बघितली.

सांगायला तोंड उघडलं तर दादा म्हणतो, "ए मुके, शाफ्ट नीट धर." मी शाळा सोडल्यापासनं हेच नाव ठेवलंय. जीपची वाट बघणारी समदी माणसं हसली. म्या शाफ्ट धरला.

टोपी आत जाईना. दादा ठोकत ऱ्हायला. मला आडवी सुईच दिसत व्हती. टोपी फुटली.

आण्णा सगळ्यांपुढं म्हणाले, "स्टेरिंगला हात लावायचा न्हाई आता. म्हशी वळ जा."

मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. सुई उभी करायला कितीसा येळ लागला असता? मी का न्हाई बोलले? मुकी म्हणला म्हणून?

आत्ता ताट घिऊन पडवीत गेले. दादा हळूच म्हणला, "माजं चुकलं कुठं गं? तू तर शेजारीच व्हतीस. दिसलं का काय?"

मी न्हाई म्हणून मान हलवली.

"व्हय, तुला दिसलं असतं तर तू सांगितलंच असतंस," म्हणला, आन् माज्या हातनं ताट घेतलं.