तळ्यातली सुरमई

मालवण,
१२ जानेवारी २०२५

चि. समीक्षा हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार दाखल करायची आहे, म्हणून हा पत्रप्रपंच. तुझ्या ब्लॉगवरच्या ताज्या लेखात 'ॲनिमे' हा जपानी कार्टूनांचा शब्द पहिल्या परिच्छेदात पुल्लिंगी आहे, तिसऱ्यात स्त्रीलिंगी आणि शेवटी, बहुधा थकून, नपुंसकलिंगी. संस्कृतात 'तट' शब्द तिन्ही लिंगांत चालतो हे खरं, पण त्याने त्यासाठी काही हजार वर्षं सेवा केली आहे. तुझा शब्द काल बोटीवरून उतरला. त्याला कुठलं तरी एक लिंग नेमून दे आणि मला सुखाने झोपू दे.

एवढ्यासाठी फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर तू 'बरी आहे' म्हणतेस आणि ठेवतेस. विनीतशी ठरलेलं लग्न मोडल्याचं तुळशीच्या लग्नानंतर कळवलंस, तेही जवळपास तेवढ्याच शब्दांत. आम्ही काही विचारलं नाही, आताही विचारत नाही. पण कागदावर दोन शब्द लिहून पाकीट चिकटवायची माणसाला लाज वाटते, म्हणून आपण पत्रं लिहू.

तक्रार संपली. आता कौतुक. गावोगाव फिरून विहिरींच्या तक्रारी ऐकणाऱ्या त्या मुलीची मालिका तुझा लेख वाचून आम्ही दोघांनी पाहिली. घागर पाण्याला टेकण्याआधी दिग्दर्शकाने सगळे आवाज बंद केले, अगदी बेडकांचेसुद्धा, हे तू लिहिलं नसतंस तर मला कळलंच नसतं. काव्यशास्त्रात आम्ही ज्याला ध्वनी म्हणतो, म्हणजे न सांगता सुचवलेला अर्थ, तो या लोकांनी आवाज बंद करून साधला. शाळेची मुलं घेऊन पिंगुळीला चित्रं मांडून गोष्ट सांगायची चित्रकथी कला दाखवायला गेलो होतो, तिथेही मी हे सांगून आलो. तुझ्या आईचं मत वेगळं. इतक्या गावांतून हिंडणाऱ्या त्या चेडवाक कोणी कपभर चाय विचारीत नाय, तर त्या गावांच्या विहिरी तक्रार करतील नाही तर काय, असं ती म्हणाली.

लेखात एकही दोष दाखवला नाहीस, म्हणजे मालिका निर्दोषच असणार. लोभ आहेच, तो पोस्टाने वाढत नाही, तरी वाढवावा.

तुझा,
बाबा


पुणे,
२० जानेवारी २०२५

ती. बाबांस समीक्षाचा सा. न. वि. वि.

तुमची तक्रार वाचली. आजपासून ॲनिमे पुल्लिंगी. कारण विचारू नका, हट्टी आहे म्हणून. आता माझी तक्रार. माझ्या लेखांखाली प्रतिक्रिया लिहून शेवटी 'इति शम्' लिहिणं थांबवा. लोकांना वाटतं ते तुमचं टोपणनाव आहे. काल एकाने विचारलं की शम्-सेन्सेई, म्हणजे जपानीत शम्-गुरुजी, पुढचा लेख कधी लिहिणार.

मी खरंच बरी आहे. काम पुष्कळ आहे, शिमग्याला येणं जमेलसं वाटत नाही. विनीतचा विषय संपला आहे. आईला सांगा, नवस वगैरे बोलू नको. कुणकेश्वराला माझ्यापेक्षा मोठी कामं असतील.

परवा एका व्हिडिओ गेमवर लिहिलं, तळ्याकाठच्या गावाचा. शेती करायची, मासे पकडायचे, शेजाऱ्यांना भेटी द्यायच्या. पाचपैकी पाच तारे दिले. तुम्हालाही आवडेल, कोणी कोणाला ओरडत नाही त्यात.

दोघांनी तब्येतीला जपा. रागावलात तरी चालेल, विसरू नका.

तुमची,
समीक्षा


मालवण,
२ फेब्रुवारी २०२५

चि. समीक्षा हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा पंचतारांकित गेम मी फोनवर उतरवून घेतला. या वयात कोबी लावायला शिकलो. शेजारच्या म्हाताऱ्याला मुळा भेट दिला, तो नाचला. आमच्या शेजारच्या बाळाला घरचे आंबे दिले तरी तो आढीतले गेल्या वर्षीचे का म्हणून विचारतो, त्यामुळे मला अंमळ गहिवरून आलं. चित्रं सुरेख आहेत. संध्याकाळी तळ्यावर उतरणारा तो जांभळा उजेड मी दोनदा तुझ्या आईला दाखवला.

मग मी गळ टाकला आणि तळ्यातून सुरमई निघाली.

मी आधी चष्मा पुसला. खाली नावही लिहिलं होतं. तुझी आई भाकरी थापत होती, ती पिठाच्या हातांनी बघायला आली. गोड्या पाण्याच्या तळ्यात, गळाला गांडूळ लावून सुरमय गावता खंय, ह्यांनी सुरमय कधी बघल्यानी तरी आसा काय, असं ती त्या गेमवाल्यांना उद्देशून म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, की ह्या आमच्या चेडवाक दिसला नाय?

तेच मी विचारतो आहे. एका चित्रकथेत नायकाच्या छत्रीची मूठ एका चौकटीत डावीकडे आणि दुसरीत उजवीकडे होती म्हणून तू चार पानं लिहिली होतीस. ती मी शाळेतल्या सहकाऱ्यांना वाचून दाखवली होती. बाजारात शिळी सुरमई लांबून ओळखणारी मुलगी तू. तुला तळ्यातली सुरमई चालली? मागचे लेख काढून वाचले. तुळशीच्या लग्नापासून तुला सगळंच सुंदर वाटतं आहे. मुलीचं नाव समीक्षा ठेवलं तेव्हा तिची स्तुती होईल असं वाटलं नव्हतं.

उत्तर सवडीने दे, पण दे. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
बाबा


पुणे,
११ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस सा. न. वि. वि.

सुरमई मला दिसली नाही, कारण मी गेम खेळलेच नाही. गेममधली पहिली सकाळ होईपर्यंत थांबले, बंद केला आणि लेख लिहिला. स्तुती लिहायला खेळावं लागत नाही, हे मला अलीकडेच कळलं. खोड काढली की लोक पुरावा मागतात. 'सुंदर' म्हटलं की कोणी कारण विचारत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. लग्न विनीतने मोडलं. भांडण झालं नाही. तो म्हणाला की तुझ्याबरोबर राहणं म्हणजे रोज परीक्षेला बसणं. सिनेमा बघताना सिनेमाकडे लक्षच नसतं, हिला यात काय खटकलं असेल याचीच धास्ती असते. फार शांतपणे म्हणाला, आणि तो वाईट माणूस नाही. मग मी ठरवलं, खोड काढायचीच नाही.

त्या विहिरींच्या ॲनिमेचा शेवट मला अजिबात आवडला नव्हता. सगळ्या विहिरी गावकऱ्यांना एकदम माफ कशा करतील?

आईला यातलं बेताने सांगा. आशीर्वाद असू द्यावेत, लागतात.

तुमची,
समीक्षा


मालवण,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. समीक्षा हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

बेताने सांगणं जमलं नाही. पाकीट आईनेच फोडलं. तिने पत्र वाचलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली की माझ्या सोलकढीत मीठ कमी पडलं तर या घरात फक्त समीक्षा सांगते. बाकीचे मुकाट पितात, ती नसली की माका समाजणाच नाय. हे बाकीचे म्हणजे मी. विनीत साखरपुड्याच्या वेळी आला होता तेव्हा त्याने करपलेल्या घावन्यांचीसुद्धा तारीफ केली होती, याचीही तिने आठवण काढली. मी त्याची बाजू घेतली. परीक्षेला भिणारी मुलं मी आयुष्यभर पाहतो आहे, ती वाईट नसतात.

विहिरींच्या शेवटाबद्दल तुझं बरोबर आहे. निदान ज्या विहिरीत गावकऱ्यांनी राख टाकली, तिने तरी माफ करायला नको होतं. यावर सविस्तर लिही, मी 'इति शम्' लिहिणार नाही. शिमग्याचं तुझं तू ठरव. आमचा जीव तुझ्यात आहे, तो तिथेच राहू द्यावा.

तुझा,
बाबा

ता. क. वर सगळं नेहमीसारखं लिहिलं, पण पाकीट बंद करवेना. लग्न मोडलं याची मला काळजी नाही. तो तसं म्हणाला याचीही नाही. तुला ते पटलं, याची मला फार भीती वाटते.