डाव्या खुर्चीवर बसू नकोस

आई, दूध तापवलंय. तुझ्या चपला मी घातल्यात. गच्चीतल्या डाव्या खुर्चीवर चुकूनही बसू नकोस. मला आनंदाने वेड लागायचं बाकी आहे!

डावी साध्या प्लास्टिकची. वर्षभर ऊन खाऊन आज बोट लावताच खडूसारखी भुकटी निघाली. उजवीच्या प्लास्टिकमध्ये मी कालवलेली पावडर आहे. ती उन्हातले अतिनील किरण स्वतःच पिऊन टाकते. उजवीवर मी उड्या मारल्या, कुरकुरलीसुद्धा नाही! ‘खुर्ची टिकली तरच तुझं मिश्रण घेऊ,’ म्हणणाऱ्या खुर्च्यांच्या कारखान्यातल्या साहेबांकडे ती डोक्यावर घेऊन पळतेय.

तू मायेने खुर्च्यांवर टाकलेली चादर वाऱ्याने उडत नव्हती गं. खुर्च्यांना ऊन लागावं म्हणून शेजारच्या काकू काढायच्या, माझ्याच सांगण्यावरून. भांडायला जाऊ नकोस.

साहेबांना हेही सांगणार आहे, की दोन्ही खुर्च्या गच्चीवर तूच चढवल्या होत्यास.