अस्सल बोल्ट

५ जानेवारी
संकल्प पक्का. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश स्नायपर रायफलीचे सुटे भाग जमवायचे. फक्त ओरिजिनल. अख्खी रायफल नको. तिला लायसन्स लागतं, आणि बायकोची, म्हणजे ऋचाची, परमिशन. सध्या जमा: चामड्याचा पट्टा, लेन्सचं झाकण, नेम धरताना गाल टेकवायची लाकडी फळी. फळीबद्दल जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर एकाने शंका काढली. पोळपाटाचा तुकडा म्हणाला. दुर्लक्ष केलं. अस्सल वस्तू हातात आली की मला कळतं. कसं, ते सांगता येत नाही.

११ जानेवारी, शनिवार
शहराच्या जुन्या भागात, चामराजपेटला. आमच्या जुन्या घरमालकीण श्यामला अक्का घर विकून मैसूरला लेकीकडे चालल्यात, म्हणून माळा रिकामा करतायत. त्यांचे सासरे ब्रिटिशांच्या फौजेत होते. त्यांच्या ट्रंकेत रायफलीची दुर्बीण! ब्रिटिश सरकारी मालावर असते ती बाणाची खूण स्पष्ट. आणि तिच्याखाली, फडक्यात गुंडाळलेला, बोल्ट. गोळी आत ढकलून नळी बंद करणारा लोखंडी दांडा. रायफलीचं काळीजच.
अक्का म्हणाल्या, घेऊन जा हो सगळं, स्वल्प जागा तरी होईल. मी थंडपणे म्हणालो, पुढच्या शनिवारी बघतो. उत्सुकता दाखवायची नसते. जिन्यावरून परत वर जाऊन सांगितलं, तोपर्यंत दुसऱ्या कुणाला देऊ नका.

१२ जानेवारी
शेजारच्या जयतीर्थांना सहज विचारलं. वकील आहेत, बेळगावचे. म्हणाले, दुर्बिणीचं बघून घेता येतंय, पण बोल्ट म्हणजे हत्याराचा भाग. लायसन्स नसताना सापडला तर सरळ केस. हात लावू नका बघा.
वकिलांना कायदा कळतो, इतिहास नाही. ऋचाला काही बोललो नाही. उगाच टेन्शन घेते.

१८ जानेवारी, शनिवार
माल ताब्यात. ऑटोवाला शहराच्या दुसऱ्या टोकाचं आमचं ‘के. आर. पुरम’ ऐकून हसला आणि निघून गेला. कॅब मिळेना. ‘सरी’, म्हणजे ठीक आहे, मेट्रो. बॅगेत टॉवेलात दुर्बीण, टॉवेलाच्या आत बोल्ट. चेहरा शांत ठेवला.
स्टेशनवर स्कॅनरचा पट्टा मध्येच थांबला. मग उलटा फिरला. मग परत पुढे. गार्डने दुसऱ्या गार्डला बोलावलं. हे काय, असं त्याने हिंदीत विचारलं.
इथे ‘पाइप’ म्हणता आलं असतं. पण मी सविस्तर माहिती दिली. ‘स्नायपर’ शब्दावर मागची रांग मागे सरकली.

१८ जानेवारी, संध्याकाळ
पोलीस स्टेशन. इन्स्पेक्टर पवित्रा मॅडम. त्यांनी विचारलं, खरा आहे की शोभेचा? जयतीर्थ धावत आले होते. टेबलाखाली माझा पाय दाबत होते. म्हणाले, मॅडम, यांना काही कळत नाही, भंगारातून उचललंय. मी म्हणालो, मॅडम, शंभर टक्के ओरिजिनल. लिहून देतो.
लिहून घेतलं.
दोन्ही वस्तू तपासणीला लॅबकडे. रिपोर्ट आल्यावर गुन्हा दाखल करायचा की नाही ते ठरेल. तोवर शहर सोडायचं नाही. जयतीर्थ घरापर्यंत कपाळाला हात लावून बसले होते. माझ्या ठामपणाने भारावले असावेत.

१९ जानेवारी
ऋचाला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, खरा निघाला तर जेल? मी म्हणालो, टेक्निकली. ती बाल्कनीत जाऊन उभी राहिली.
ग्रुपवर बातमी टाकली. लोक अभिनंदन करतील असं वाटलं होतं. एकेक जण ग्रुप सोडून गेला. आता ग्रुपचा अ‍ॅडमिन मी. सदस्यही मीच.

२७ जानेवारी
फोन वाजला की बाथरूममध्ये जाऊन बसतो. भीती नाही, अ‍ॅसिडिटी. लिफ्टमध्ये खाकी शर्ट दिसला, पायऱ्यांनी उतरलो. कुरियरवाला होता. पायऱ्या तब्येतीला चांगल्या.

२ फेब्रुवारी
नागपूरला ऋचाच्या बहिणीचं, सिद्धीचं, लग्न. मला जाता येत नाही. म्हटलं, तू जा. ती म्हणाली, माझ्या मागे तुला पोलीस घेऊन गेले तर डबा कोण देणार? अंतरपाट फोनवर बघितला. मंगलाष्टकं अडकत अडकत आली. नंतर तिने तोंड धुतलं आणि देवापुढे दिवा लावला. काय मागितलंस, विचारलं. म्हणाली, खोटा निघू दे.
मी हादरलो. माझ्या घरात, माझ्या बोल्टबद्दल?

९ फेब्रुवारी
निर्णय झाला. लॅबने नकली म्हटलं तर लेखी हरकत घ्यायची, फेरतपासणी मागायची. मसुदा तयार. जयतीर्थांना वाचून दाखवला. ते म्हणाले, आपण निर्दोष ठरलो म्हणून अपील करणारा माणूस मी पाहिला नाही. म्हणालो, बघाल. आता मागे हटणं नाही. जेल तर जेल. पुस्तकं नेऊ देतात म्हणे.

१३ फेब्रुवारी
मॅडमचा फोन. उद्या या, रिपोर्ट आलाय. काय आहे, विचारलं. उद्या या.
ऋचाने तिच्या ऑफिसला रजा कळवली. माझ्या बॅगेत जाड बनियन, ब्रश, गोळ्या भरल्या. बनियनच्या घड्या तिने दोनदा मोडून परत घातल्या. मसुदा खिशात ठेवला.

१४ फेब्रुवारी
तिघं गेलो. बाकावर खूप वेळ बसवलं. ऋचाने माझं मनगट धरलं होतं. बांगडी रुतत होती, तरी मी हात काढला नाही.
मॅडमनी कागद वाचला. दांडा ओतीव लोखंडाचा, आतून भरीव, शोभेसाठी बनवलेला. कुठल्याही रायफलीत बसणार नाही. दुर्बीण जमीन मोजण्याच्या यंत्राची. गुन्हा नाही. मग चष्मा काढून माझ्याकडे बघत म्हणाल्या, तुम्ही शंभर टक्के ओरिजिनल लिहून दिलं होतं. काही म्हणायचंय?
जयतीर्थांनी डोळे मिटले.
मी उभा राहिलो. म्हणालो, नाही मॅडम. मला पहिल्यापासून डाउट होताच.
त्यांनी दाखवलं तिथे सही केली. नंतर, न दाखवलेल्या एका ठिकाणीही केली.
रस्त्यावर आल्यावर ऋचा रडायला लागली आणि मध्येच हसली. मीही रडलो. धूळ फार आहे त्या भागात.